जाळी कोण धुणार?

रविवारी सकाळी आमच्याकडे पाहुणे आले की एक छोटा समारंभ होतो. माझा नवरा ओट्यावर वजनकाटा मांडतो. बरणीतल्या कॉफीच्या बिया मोजून घेतो, हातानं फिरवायच्या यंत्रात दळतो, काचेचं उभट भांडं गरम पाण्यानं विसळून घेतो, आणि घड्याळ लावून चार मिनिटं त्याच्यासमोर हाताची घडी घालून उभा राहतो. मग दट्ट्या सावकाश खाली दाबतो. तोवर पाहुणे स्वयंपाकघराच्या दारात जमलेले असतात. पहिला घोट घेतल्यावर कुणीतरी म्हणतंच, “वा! काय कॉफी झालीय! वहिनी, भाग्यवान आहात हं तुम्ही!”

भाग्यवान वहिनी त्या वेळी बहुधा पोह्यांसाठी कांदा चिरत असतात.

त्याच दिवशी सकाळी साडेसहाला मी चार कप चहा केलेला असतो. सासूबाईंचा बिनसाखरेचा, नवऱ्याचा आलं घातलेला, मुलाचा दूध जास्त असलेला आणि उरलेला माझा. गेली चौतीस वर्षं करते आहे. चौघांच्या चार तऱ्हा न लिहिता लक्षात ठेवून, एकीकडे कणीक मळत. पण त्या चहासाठी स्वयंपाकघराच्या दारात कधी कुणी जमलेलं मला आठवत नाही.

यात थोडी तक्रार आहे, नाही असं नाही. पण नवरा कॉफी खरोखरच चांगली करतो, हेही सांगायला हवं. मी निवृत्त झाले तेव्हा मुलीनं मला हे भांडं भेट दिलं. मला, हे लक्षात ठेवा. दुकानात त्याला ‘फ्रेंच प्रेस’ म्हणतात, कुणी ‘प्लंजर’ म्हणतात. काचेचं भांडं, आत खालीवर होणारी दांडी, दांडीच्या टोकाला बारीक तारेची जाळी. कॉफीची भरड पूड आणि गरम पाणी एकत्र मुरू द्यायचं आणि मग जाळीनं चोथा तळाशी दाबून टाकायचा. बस, एवढंच यंत्र. वीज लागत नाही, कागद लागत नाही. १८५२ साली फ्रान्समध्ये दोघांनी अशा भांड्याचं पेटंट घेतलं होतं. १९२९ साली इटलीतल्या कालिमानी आणि मोनेता यांनी जाळी भांड्याच्या कडेला घट्ट बसेल अशी सुधारणा करून नवं पेटंट घेतलं. ही सगळी माहिती मला नवऱ्यानं सांगितली. भांडं घरात आल्यावर आठवड्याभरात त्यानं त्याचा अभ्यास केला होता. मी त्या आठवड्यात दिवाळीची साफसफाई करत होते.

तर मुद्दा असा. नवऱ्याच्या कॉफीला लोक ‘शास्त्र’ म्हणतात. माझ्या चहाला, आमटीला, पुरणाच्या पोळीला लोक म्हणतात, “वहिनींच्या हाताला चव आहे.” इतकी वर्षं मला वाटायचं, ही केवढी मोठी शाबासकी! आता मला या शाबासकीचीच भीती वाटते. का, ते सांगते.

माझ्या आईच्याही हाताला चव होती. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. त्या काळी अनेक मराठी घरांत असायचं तसं आमच्याकडेही चहा रोजचा आणि कॉफी खास पाहुण्यांची. दुधाळ, गोड, वर जायफळाचा वास. आईच्या कॉफीची वडिलांच्या मित्रमंडळीत ख्याती होती. शेवटच्या चार-पाच वर्षांत आईला कंपवात झाला. हात थरथरायचे, पातेलं दोन्ही हातांनी धरावं लागायचं. तरी कुणी आलं की हमखास म्हणायचं, “वहिनी, कॉफी मात्र तुमच्याच हातची हवी हं!” आणि आई उठायची. परक्यांना कशाला नावं ठेवू? माहेरी गेल्यावर मीही म्हटलंय, “आई, तुझ्या हातची कॉफी दे ना गं.” एकदा उकळतं दूध तिच्या मनगटावर सांडलं. आम्ही सगळे धावलो, हात गार पाण्याखाली धरला, मलम लावलं. पण ‘उद्यापासून कॉफी मी करीन, मला शिकव’ असं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. कारण चव तिच्या हातात होती ना! आमच्या हातांत ती नव्हती, हे आम्ही आधीच ठरवून टाकलं होतं.

आई गेली तेव्हा तेराव्याला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, “काय हाताला चव होती हो!” आणि घरात एकालाही ती कॉफी कशी करायची ते माहीत नव्हतं. दुधात पाणी किती घालायची? जायफळ उकळताना की उतरवल्यावर? साखर आधी की नंतर? साठ वर्षं एका बाईनं एक पदार्थ रोज सुधारत नेला आणि तिला कुणी कधी एक प्रश्न विचारला नाही. हात गेले, चव गेली.

मैत्रिणींनो, ‘हाताला चव’ या शब्दांकडे एकदा नीट बघू या. वरून हे कौतुक आहे. आतून ते दोन गोष्टी करतं. पहिली म्हणजे, बाईचं ज्ञान तिच्या डोक्यातून काढून तिच्या हातात नेऊन ठेवतं. हात म्हणजे शरीर. शरीर तर जन्मतःच मिळतं, त्यात शिकण्यासारखं, शिकवण्यासारखं, मोबदला देण्यासारखं काय? दुसरी गोष्ट म्हणजे, चव हातातच असेल तर ते काम दुसऱ्या कुणाला देताच येत नाही. ताप असो, पाळी असो, हात थरथरत असोत, करायचं तिनंच. कौतुकानं बांधलेली गाठ दोरीनं बांधलेल्या गाठीपेक्षा सोडवायला अवघड जाते, कारण ती सोडवताना आपलंच मन खट्टू होतं.

आता कॉफीच्या भांड्यापाशी परत येते. या भांड्यानं मला पहिल्यांदा स्वच्छ दाखवून दिलं की चव म्हणजे वजन, वेळ आणि उष्णता. पूड बारीक झाली तर कॉफी कडू आणि गढूळ, फार जाड झाली तर पाणचट. पाणी कोमट असेल तर चव उतरतच नाही. चारऐवजी दहा मिनिटं ठेवलं तर तोंड वाकडं होतं. एवढं सांभाळलं की कुणाच्याही हातची कॉफी चांगली होते. माझ्या, नवऱ्याच्या, मुलाच्या, शेजारच्या शाळकरी मुलीच्याही. हात कुणाचा आहे ते भांड्याला कळत नाही! ज्या कामाची कृती कागदावर लिहिता येते ते काम कुणालाही देता येतं. माझा नवरा नकळत हेच सिद्ध करत होता. साठीपर्यंत ज्यानं कधी चहा गाळला नव्हता तो माणूस महिन्याभरात उत्तम कॉफी करायला शिकला. कारण त्याला कुणी सांगितलं नव्हतं की ही चव उपजत असावी लागते.

आणि हे स्वयंपाकघरापुरतंच आहे असं समजू नका. काही वर्षांपूर्वी आम्ही काही जणी चिकमगळूरकडे सहलीला गेलो होतो. भारतातली निम्म्याहून अधिक कॉफी एकट्या कर्नाटकात होते. मळ्यात बायका झाडावरची फक्त लाल, पिकलेली फळं वेचत होत्या. हिरवी तशीच ठेवायची, ती पुढच्या फेरीला. एकाच फांदीवर दोन्ही असतात, म्हणजे प्रत्येक फळाला निर्णय करायचा. पुढे जिथे वाळलेल्या बिया साफ होतात तिथेही ओळीनं बायका बसल्या होत्या. काळ्या, फुटक्या, किडक्या बिया वेगळ्या काढत होत्या. आपण तांदूळ निवडतो ना, अगदी तसंच. एक काळी बी राहिली तर कपात घाण वास येऊ शकतो. आम्हांला दाखवायला आलेला माणूस कौतुकानं म्हणाला, “बायकांची नजर बारीक, बोटं नाजूक. त्यांना हे उपजतच येतं.”

मला चटकन आई आठवली. हे ‘हाताला चव’चंच भावंड! उपजत येतं म्हटलं की ते कसब राहत नाही, आणि कसब नाही म्हटलं की मजुरी वाढवायचं कारण उरत नाही. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला, तेव्हा चळवळीतल्या बायांना आनंद झाला होता. पण समान कामाला समान वेतन मिळायचं तर आधी ते काम समान आहे हे मान्य व्हावं लागतं. एकदा ‘हे बायकांचं काम’ असं वेगळं नाव पडलं की तुलना कशाशी करणार?

याच कॉफीच्या इतिहासात एक बाई मात्र मला फार आवडते. जर्मनीत ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्स नावाची एक गृहिणी होती. कपात उतरणाऱ्या गाळाला आणि कडवटपणाला ती कंटाळली होती. तिनं एका पितळी भांड्याच्या तळाला खिळ्यानं भोकं पाडली, मुलाच्या शाळेच्या वहीतला टिपकागद त्यावर घातला आणि कॉफी गाळून पाहिली. स्वच्छ कॉफी उतरली. इथवरची गोष्ट आपल्याही घराघरांत घडते. आपल्या आज्यांनी, आयांनी असे किती शोध लावले असतील! पण मेलिटा तिथे थांबली नाही. १९०८ साली तिनं आपला शोध सरकारदरबारी स्वतःच्या नावावर नोंदवला आणि त्याच वर्षी धंदा सुरू केला. तिच्या नावाचे गाळायचे कागद आजही विकले जातात. ‘मेलिटाबाईंच्या हाताला चव आहे’ एवढ्यावर भागलं असतं तर आज तिचं नाव कुणाला माहीत असतं?

इतकं सगळं मला सुचलं ते एका खवट कॉफीमुळे. तीच खरी गोष्ट, आता सांगते.

गेल्या पावसाळ्यात माझा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी घासणं, पिळणं, वर हात करणं बंद करायला सांगितलं. त्या काळात रविवारचा कॉफीचा समारंभ चालूच होता. पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून कॉफीला कसलासा वास यायला लागला. जुन्या शेंगदाण्यांसारखा खवट. पाहुणे काही बोलले नाहीत, पण दुसरा कप कुणी मागितला नाही. नवरा अस्वस्थ झाला. त्यानं बिया बदलल्या. पाणी बदललं. दळण जाड केलं, मग बारीक केलं. पाव किलो चांगली कॉफी झाडांना घातली. दुकानदाराला फोन करून सुनावलं. शेवटी मी विचारलं, “जाळी उघडून धुतलीत का?”

नवरा म्हणाला, “जाळी उघडते?”

सव्वा वर्ष तो कॉफी करत होता. बियांचं वजन, पाण्याची उष्णता, मिनिटं, सेकंदं, पेटंटाची सालं, सगळं त्याला पाठ होतं. दांडीच्या टोकाचा स्क्रू फिरवला की जाळीचे तीन भाग सुटे होतात, त्यांच्यामध्ये चोथ्याचे कण आणि कॉफीतलं तेल अडकतं, ते तेल जुनं झालं की खवट होतं आणि पुढच्या प्रत्येक कपात उतरतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं कारणच नव्हतं. दट्ट्या खाली दाबला, कॉफी ओतली, वाहवा झाली की त्याच्या लेखी काम संपत होतं. भांडं कपबश्यांबरोबर सिंकमध्ये जायचं आणि पुढच्या रविवारी लखलखीत होऊन फडताळात बसलेलं असायचं. मी ते दर वेळी उघडून धूत होते. मीही कधी बोलले नव्हते. बोलण्यासारखं त्यात काही आहे असं मलाही वाटलं नव्हतं!

त्यावर त्याचं पहिलं उत्तर काय असावं? “मग मावशींना सांग ना धुवायला.” आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना मी विचारलं. त्या स्पष्ट म्हणाल्या, “वहिनी, ते काचेचं मी नाही घासणार. फुटलं तर तुम्ही काही बोलणार नाही, पण माझा जीव आठ दिवस थाऱ्यावर राहणार नाही. आणि ते खोलून धुवायचं म्हणजे वेगळं काम झालं. वेगळं काम, वेगळे पैसे.” मला त्यांचं बोलणं मनापासून पटलं. त्यांनी एका वाक्यात जे केलं ते मला चौतीस वर्षांत जमलं नव्हतं. कामाला काम म्हटलं! आणि आपल्या घरांतली ही वाट नेहमीची आहे, नाही का? बाईनं ‘मी करणार नाही’ म्हटलं की ते काम पुरुषाकडे जात नाही. ते दुसऱ्या, अधिक गरजू बाईकडे सरकतं. आणि आपण म्हणतो, आमच्याकडे कामाची वाटणी झाली.

सरकारच्या २०१९ सालच्या वेळेच्या पाहणीत आढळलं होतं की घरातली बिनमोल कामं करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, आणि ती करणारे पुरुष ९७ मिनिटं. शिवाय दिवसभरात अशी कामं करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ होत्या आणि पुरुष २६. माझा नवरा रविवारी त्या सव्वीस जणांत बसला असता. पण मला विचाराल तर मिनिटांच्या आकड्यांइतकंच कामाच्या तुकड्यांकडेही बघायला हवं. एकाच कॉफीचे दोन तुकडे होतात. दिसणारा, वास येणारा, टाळ्या मिळवणारा तुकडा एकाकडे जातो. ओला, चिकट, सिंकमध्ये वाकून करायचा तुकडा दुसरीकडे येतो. मटण करणारे, पार्टीला बिर्याणी करणारे, आंब्याचं आइस्क्रीम करणारे पुरुष मी पुष्कळ पाहिलेत. त्यानंतरचा ओटा पुसणारे फार थोडे.

हा लेख लिहिणार म्हणून मी आमच्या अभ्यासगटात सांगितलं तेव्हा एक मैत्रीण रागावली. म्हणाली, “बायका डोक्यावर हंडे घेऊन पाण्याला जातायत, आणि तू काचेच्या भांड्यातल्या कॉफीवर लिहिणार? हे पोट भरलेल्यांचं दुखणं झालं.” तिचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. चांगली कॉफी महाग आहे, ती सगळ्यांच्या घरात नाही. पण तुम्ही कॉफीच्या जागी भाकरी घाला. वरण घाला. लोणचं घाला. ‘तिच्यासारखी भाकरी कुणाला थापता येत नाही’ म्हणून बाळंतपणानंतर पंधराव्या दिवशी चुलीपुढे बसलेली बाई माझ्या त्याच मैत्रिणीनं पाहिलेली आहे. ‘हाताला चव’ श्रीमंत घरातही आहे आणि झोपडीतही. झोपडीत तिची किंमत जास्त द्यावी लागते, एवढाच फरक.

आमच्या घरी मग काय झालं? फार मोठी क्रांती झाली नाही. मी एक कागद घेतला आणि कॉफीची कृती पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढली. नवऱ्याकडून वजनं घेतली, पुढचा भाग माझ्याकडचा होता. तो कागद फ्रिजवर चिकटवला आहे. तुम्हांला उपयोगी पडेल म्हणून इथे देते.

१. दोन मोठ्या कपांना ३५० मिलिलिटर पाणी आणि २१ ग्रॅम कॉफी. काटा नसला तर साधारण चार मोठे चमचे.

२. कॉफी चिकोरी नसलेली घ्यावी. पाकिटावर दोन्हींची टक्केवारी छापलेली असते, ती वाचावी. दळण लापशीच्या रव्यासारखं भरड. दुकानात दळून घेताना तसं सांगावं. दाक्षिणात्य फिल्टरची बारीक पूड इथे चालत नाही, ती जाळीतून कपात उतरते.

३. भांडं गरम पाण्यानं विसळून घ्यावं, म्हणजे काच तापते आणि कॉफी लवकर निवत नाही.

४. पाणी उकळून गॅस बंद करावा आणि अर्धा मिनिट थांबावं.

५. पुडीवर पाणी ओतून एकदा ढवळावं. दट्ट्या वरच ठेवून झाकण लावावं. चार मिनिटं.

६. झाकण काढून वर आलेला थर चमच्यानं मोडावा. फेस काढून टाकावा.

७. झाकण लावून दट्ट्या सावकाश दाबावा. अडला तर जोर करू नये. थोडा वर घेऊन पुन्हा दाबावा. आत उकळतं पाणी आहे आणि भांडं काचेचं आहे.

८. सगळी कॉफी लगेच ओतून घ्यावी. चोथ्यावर राहिली तर कडू होत जाते. दुसऱ्या कपाची थर्मासमध्ये ठेवावी.

९. चोथा खरवडून ओल्या कचऱ्यात किंवा खतात टाकावा. सिंकमध्ये नाही, पाइप तुंबतो.

१०. स्क्रू फिरवून जाळी उघडावी. तिन्ही भाग साबणानं घासून धुवावेत, भांडंही.

११. पुसून, पुन्हा जोडून जागेवर ठेवावं. वर स्प्रिंगची चकती, मध्ये जाळी, खाली भोकांची चकती.

खाली ठळक अक्षरांत एक ओळ आहे. ‘कॉफी केली असं म्हणायचं असेल तर एक ते अकरा.’

नवऱ्यानं पहिल्यांदा जाळी उलटी जोडली आणि कपात अर्धा चोथा आला. मला हसू आलं, त्यालाही आलं. आता तो धुतो. कधी विसरतो, मग कागदाकडे बोट दाखवावं लागतं. पाहुण्यांसमोर मात्र तो अजून सातव्या पायरीपर्यंतच सांगतो! एकदा मुलीनं सगळ्यांदेखत विचारलं, “बाबा, आणि पुढच्या चार?” तेव्हापासून तेही सांगायला लागलाय. हळूहळू होतंय.

आणि मी? माझं भांडं मी परत घेतलं आहे. रोज दुपारी चार वाजता माझ्यापुरती कॉफी करते. जेवणाबरोबर चहा-कॉफी घेतली तर अन्नातलं लोह अंगी लागायला अडथळा होतो. रक्त कमी असणाऱ्या मैत्रिणींनी हे जरूर लक्षात ठेवावं, म्हणून मी जेवणानंतर चांगला वेळ जाऊ देते. आणखी एक सांगायला हवं. कागदात अडकणारं कॉफीचं तेल या जाळीतून कपात येतं, त्यानं चव दाट होते, पण कोलेस्टेरॉलही वाढू शकतं. ज्यांचं मुळात जास्त आहे त्यांनी मेलिटाबाईंचा कागदच वापरावा.

सुरुवातीला ती चार मिनिटं मला जड गेली. हात आपोआप कामाला लागायचे. तेवढ्यात ओटा पुसून घेऊ, तेवढ्यात कपड्यांच्या घड्या करू. बाईचे हात रिकामे दिसले की आपल्यालाच चुकल्यासारखं होतं, इतकं ते मुरलेलं आहे. आता मी खिडकीशी नुसती उभी राहते. समोर बदामाचं झाड आहे. इतक्या वर्षांत ते मी कधी चार मिनिटं सलग पाहिलं नव्हतं.

सध्या माझा आणखी एक उद्योग चालू आहे. आईची कॉफी शोधते आहे. काटा घेऊन, वही घेऊन. दूध किती, पाणी किती, जायफळ केव्हा. अकरा वेळा करून झाली. नवव्यांदा थोडी जवळ गेले होते. ती असताना एका दुपारी तिच्याशेजारी वही घेऊन बसले असते तर हे करावं लागलं नसतं. आणि कदाचित तिलाही कळलं असतं की तिला जे येत होतं ते तिनं शिकून मिळवलेलं होतं.

तुमच्या घरात ‘हिच्या हाताला चव आहे’ असं ज्यांच्याबद्दल म्हणतात त्यांच्यापाशी एकदा वही-पेन्सिल घेऊन बसा. त्या म्हणतील, “यात काय लिहायचंय? अंदाजानं घालते.” तो अंदाज वाटीत घ्या, काट्यावर ठेवा, लिहा. ज्या दिवशी तो कागद घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातात जाईल त्या दिवशी त्यांना उठावंसं वाटलं नाही तरी चालेल. आणि कृती लिहाल तेव्हा शेवटी भांडं कोण घासतं, तेही लिहा.